पाणी आधी गढुळतं

उभट काचपात्रात पाणी आहे. नितळ, बिनरंगी, दिसायला अगदी पिण्याजोगं. नाक जवळ नेलं तर मात्र जुन्या इस्पितळांतून येई तो कार्बोलिकचा उग्र वास येतो, कारण त्यात फिनॉल विरघळलेलं आहे. आता या पाण्यात एका मुळापासून काढलेलं विकर, म्हणजे एंझाइम, अगदी किंचित टाकायचं. त्यावर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं ते. काही मिनिटांत पाण्यावर तपकिरी झाक येते. ती गडद होत जाते, पाणी गढुळतं, आणि पाहणाऱ्याला वाटावं की चांगलं पाणी हाताने बिघडवलं. मग तपकिरी कण एकमेकांना धरू लागतात, तळाशी साका बसतो आणि वर निवळ उरते. त्या निवळीत फिनॉल शोधायला गेलं तर जेमतेम सापडतं.

स्वच्छ होण्याआधी पाण्याला गढूळ व्हावं लागतं, ही विकरांनी पाणी शुद्ध करण्याच्या या विद्येतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. विरघळलेलं विष डोळ्यांना दिसत नाही. विकर त्याला दिसायला लावतं, आणि दिसू लागलं की ते गाळता येतं.

मॉस्कोत शिकून अमेरिकेत आलेले रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर क्लिबानोव्ह यांनी हे काम एमआयटीत हाती घेतलं. १९८० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की फिनॉल आणि अ‍ॅनिलीन या दोन कुळांतली विषारी द्रव्यं या रीतीने पाण्याबाहेर काढता येतात. १९८३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा पुढचा लेख आला. या वेळी प्रयोगशाळेत कालवलेलं द्रावण नव्हतं. कोळशापासून इंधन बनवताना निघणारं खरंखुरं सांडपाणी होतं, आणि त्यातलं ९७ ते ९९ टक्के फिनॉल निघून गेलं.

फिनॉल आपल्याला नवं नाही. १८३४ मध्ये फ्रीडलीप रुंगे यांनी ते डांबरातून वेगळं काढलं. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल या नावाने ते शस्त्रक्रियेत वापरून जखमा सडण्यापासून वाचवल्याचं प्रसिद्ध केलं. जंतू मारण्याचा हाच गुण सांडपाण्यात आला की संकट होतो. पोलाद कारखान्यांच्या कोक भट्ट्या, तेलशुद्धीकरण, प्लायवूडच्या राळा, रंग, औषधं, कीटकनाशकं, जिथे कोळसा किंवा खनिज तेल यांच्यापासून काही बनतं तिथे फिनॉल आणि त्याचे भाऊबंद पाण्यात उतरतात. कोक भट्टीच्या पाण्यात त्याचं प्रमाण लिटरला शेकडो मिलिग्रॅम असतं, कधी हजाराच्याही पुढे जातं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, आणि नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा इतकी कडक असण्यामागे एक कारण असंही आहे, की अशा पाण्यात क्लोरीन टाकलं की क्लोरोफिनॉलं तयार होतात. त्यांचा वास आणि चव नाकाला आणि जिभेला इतक्या कमी मात्रेत कळते, की त्या मात्रेसाठी आपल्याकडे रोजच्या वापरातलं मापच नाही.

सांडपाणी शुद्ध करण्याची रूढ पद्धत जिवाणूंच्या जिवावर चालते. १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सक्रिय गाळाची पद्धत मांडली, आणि आजही जगभरातल्या टाक्यांत हवा खेळवून तीच चालवली जाते. जिवाणूंना फिनॉल खाता येतं, सवय झाली की भरपूर खाता येतं. पण ते जिवंत आहेत. त्यांना बेताचं तापमान लागतं, नत्र आणि स्फुरद लागतं, क्षार जास्त झाले तर त्रास होतो. एखाद्या दुपारी कारखान्याने अचानक दहापट फिनॉल सोडलं, तर टाकीतला सगळा गाळच मरतो आणि तो पुन्हा वाढवायला आठवडे जातात. विकराला जीव नाही. जिवंत पेशीच्या आत राबणारा तो एक रेणू आहे, पेशीतून बाहेर काढल्यावरही आपलं एकच काम करत राहणारा. जिथे जिवाणू गुदमरतात तिथे तो मिनिटांत काम उरकतो.

हा रेणू ज्या मुळातून आला ते मूळ हॉर्सरॅडिशचं. मोहरी आणि मुळा यांच्या कुळातली ही वनस्पती युरोपात मसाला म्हणून खातात, किसली की नाकात झणका जातो. १८१० मध्ये लुई आंत्वान प्लांश या फ्रेंच औषधनिर्मात्याने नोंदवलं, की ग्वायकम झाडाच्या राळेच्या अर्कात या मुळाचा ताजा तुकडा टाकला की अर्क निळा होतो. मुळातलं काहीतरी त्या राळेला बदलत होतं. पुढे त्याला पेरॉक्सिडेज म्हटलं गेलं. १९४० च्या दशकात स्वीडनच्या ह्युगो थिओरेल यांनी ते स्फटिकरूपात मिळवलं. ऑक्सिडीकरण घडवणाऱ्या विकरांवरच्या कामासाठी त्यांना १९५५ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडे या मुळाची भाजी कोणी करत नाही, पण त्यातलं विकर महाराष्ट्रभर पोचलेलं आहे. डेंग्यूसाठी केली जाणारी एलायझा चाचणी घ्या. प्लेटच्या छोट्या खळग्यांत निळा रंग उमटतो आणि आम्ल टाकल्यावर पिवळा होतो, तो रंग उमटवण्याचं काम बहुतेक वेळा हॉर्सरॅडिशचं पेरॉक्सिडेजच करतं.

विकराच्या पोटात काय चालतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. त्याचा सांगाडा ३०८ अमिनो आम्लांच्या साखळीचा, आणि मध्यभागी हीम नावाचं कडं, त्या कड्यात लोहाचा एक अणू. हे कडं अगदी तेच आहे जे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं. तिथे ते ऑक्सिजन उचलतं आणि जसाच्या तसा खाली ठेवतं. इथे आजूबाजूच्या प्रथिनाची घडण वेगळी, म्हणून त्याच कड्याचा स्वभाव पालटतो. पेरॉक्साइडचा रेणू लोहाजवळ आला की त्यातला एक ऑक्सिजन अणू लोहाला धरून राहतो आणि उरलेला भाग पाणी होऊन निघून जातो. या एका व्यवहारात विकर दोन इलेक्ट्रॉन गमावून बसतं, आणि आता ते मिळतील तिथून परत घ्यायला ते उतावीळ असतं.

ही अवस्था नुसती कागदावरची नाही. तपकिरी विकर या क्षणी हिरवं होतं. जवळून जाणाऱ्या एका फिनॉल रेणूकडून ते एक इलेक्ट्रॉन काढून घेतं, आणि हिरव्याचं लाल होतं. दुसऱ्या फिनॉलकडून दुसरा इलेक्ट्रॉन मिळाला की पुन्हा मूळचं तपकिरी, पुढच्या पेरॉक्साइडसाठी तयार. तपकिरी, हिरवं, लाल, तपकिरी, हा फेरा डोळ्यांचं पातं लवण्याआधी पुरा होतो. लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये गणिताने मांडलं होतं, की विकर आधी आपल्या द्रव्याशी जोडलं जातं आणि मग त्याला बदलतं. तो जोड असा असतो हे थेट मोजून दाखवलं ब्रिटन चान्स यांनी १९४३ मध्ये, आणि त्यासाठी त्यांनी निवडलं ते हेच विकर. कारण ते प्रत्येक पायरीला रंग बदलून स्वतःची अवस्था सांगतं.

आता ज्या फिनॉलचा इलेक्ट्रॉन गेला त्याच्याकडे पाहू. तो मूलक झाला, म्हणजे जोडी मोडलेला एक इलेक्ट्रॉन घेऊन हिंडणारा अस्वस्थ रेणू. असे दोन मूलक भेटले की ते एकमेकांना घट्ट धरतात. विकराचं काम इथेच संपतं. जोडणी ते करतच नाही, ती आपोआप होते. जुळलेली जोडीही फिनॉलच असते, त्यामुळे तिचाही इलेक्ट्रॉन काढला जातो, तीही दुसऱ्या जोडीला चिकटते. दोनाचे चार, चाराचे आठ होतात, वेडीवाकडी साखळी वाढते. एकटं फिनॉल लिटरभर पाण्यात ८० ग्रॅमहून जास्त विरघळतं. साखळी लांबली की पाण्याला ती पेलवत नाही. म्हणून तो साका. फिनॉलचा नाश झालेला नसतो. त्याला त्याच्याच भावंडांशी बांधून पाण्याबाहेर बसवलेलं असतं.

हिशेबही साधा आहे. ढोबळमानाने फिनॉलच्या एका रेणूमागे पेरॉक्साइडचा एक रेणू खर्च होतो. लिटरला १०० मिलिग्रॅम फिनॉल असलेलं एक लाख लिटर पाणी धरलं तर त्यात १० किलो फिनॉल आहे, आणि त्याला पेरॉक्साइड लागेल साडेतीन किलोच्या आसपास. काम झाल्यावर पेरॉक्साइडचं पाणीच होतं. पाणी शुद्ध करण्यासाठी टाकलेल्या रसायनामागे दुसरं काही उरू नये, हे फार थोड्या पद्धतींना जमतं.

पण हॉर्सरॅडिशच्या मुळाला हे कसब कशासाठी हवं होतं? कोक भट्टीसाठी तर नक्कीच नाही. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत हेच विकर, त्याच पेरॉक्साइडच्या मदतीने, फिनॉलच्या जातीच्या लहान रेणूंचे इलेक्ट्रॉन काढतं. ते मूलक आपोआप जुळतात आणि लिग्निन तयार होतं. लिग्निन म्हणजे झाडाला उभं राहायला ताकद देणारं, लाकडाला लाकूडपण देणारं द्रव्य. लाकडाच्या वजनातला पाचवा ते तिसरा हिस्सा त्याचा असतो. कीड लागली, फांदी तुटली, तर झाड तिथेही याच क्रियेने जखम बांधून घेतं. चिरलेलं वांगं काळं पडतं ते फिनॉलांवरच काम करणाऱ्या एका तांब्याच्या विकरामुळे, आणि म्हणूनच फोडी लगेच पाण्यात टाकतात, हवेतला ऑक्सिजन कमी पोचावा म्हणून. थोडक्यात, क्लिबानोव्ह यांच्या काचपात्राच्या तळाशी जो गाळ बसला तो लिग्निनचा दूरचा नातेवाईक होता. जमिनीवरच्या वनस्पतींनी चाळीसेक कोटी वर्षं वापरलेली लाकूड बनवण्याची रीत, माणसाने विषारी पाण्यात टाकली आणि ती तिथेही चालली.

याच रीतीचं एक फार जुनं मानवी उदाहरण जपानमधल्या जेवणाच्या वाडग्यात आहे. तिथल्या लाखेच्या झाडाला चीर दिली की दुधाळ चीक निघतो. त्यातलं उरुशिऑल हे फिनॉलच्या जातीचं तेलकट द्रव्य कातडीला लागलं की फोड येतात. आपल्या बिब्ब्याचं तेल उततं ते जवळजवळ तशाच रेणूंमुळे, कारण बिब्बा, काजू, आंबा आणि ते जपानी झाड एकाच कुळातले. हजारो वर्षं जपानी कारागीर हा चीक लाकडी वाडग्यांवर पातळ पसरून दमट कपाटात ठेवत आले. उन्हात नाही, दमट जागेतच तो वाळतो. १८८३ मध्ये हिकोरोकुरो योशिदा यांनी दाखवलं, की हे नुसतं वाळणं नव्हे. चिकातच एक घटक आहे, तापवला की निकामी होणारा, आणि तो हवेतला ऑक्सिजन वापरून चीक कडक करतो. हे लॅकेज. त्याच्या पोटात तांब्याचे चार अणू असतात, आणि त्याला पेरॉक्साइडही लागत नाही, हवेतला ऑक्सिजन पुरतो. फोड आणणाऱ्या रेणूंचे इलेक्ट्रॉन काढून ते त्यांना एकमेकांत गुंफतं, आणि विषाचा असा चकचकीत थर तयार होतो की त्यात गरम सूप वाढून ओठांना लावता येतं.

क्लिबानोव्ह यांच्या प्रयोगांतली आणखी एक गोष्ट मला अजूनही थक्क करते. काही फिनॉलं या विकराला सहज वश होतात, काही अजिबात दाद देत नाहीत. पण दोन्ही एकाच पाण्यात असतील तर सोपी जाताना अवघडांनाही घेऊन जातात. सोप्यांचे मूलक अवघडांवर तुटून पडतात, त्यांचे इलेक्ट्रॉन घेतात किंवा त्यांना आपल्या साखळीत ओढतात, आणि सगळं एकत्रच तळाला जातं. कारखान्याचं सांडपाणी कधीच एका द्रव्याचं नसतं. एरवी त्याचं मिश्र असणं ही प्रत्येक शुद्धीकरणाची डोकेदुखी, इथे तीच मदतीला येते.

लाकूड बनवणारी विकरं झाली, तसं लाकूड मोडणारी विकरंही आहेत आणि ती आणखी धाडसी आहेत. पावसाळ्यात पडलेल्या ओंडक्यांवर पंखासारख्या, रंगीत पट्ट्यांच्या बुरश्या उगवतात. त्यांतल्या काही लाकडातलं लिग्निन मोडून टाकतात आणि मागे पांढरं, तंतुमय सेल्युलोज ठेवतात. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकराला कुलपाची उपमा दिली होती, प्रत्येकाला आपलीच किल्ली लागते अशी. लिग्निनपुढे ती उपमा तोकडी पडते. लिग्निन आपोआप, वेडंवाकडं जुळलेलं असतं, त्याला एकच एक आकार नसतो. त्याला मोडायचं तर कोणत्या आकाराशी जुळायचं हे ठरवून चालणार नाही. म्हणून बुरशीचं विकर आकार बघतच नाही. ते समोर येईल त्याचा इलेक्ट्रॉन खेचतं, आणि स्वतः पोचू शकत नसेल तिथे लहान मध्यस्थ रेणू पाठवतं.

१९८३ मध्ये अमेरिकेत दोन गटांनी स्वतंत्रपणे हे लिग्निन पेरॉक्सिडेज शोधलं. त्यांपैकी एक गट मिंग टीएन आणि केंट कर्क यांचा, विस्कॉन्सिनमधल्या वनोपज प्रयोगशाळेतला. मग पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला. जे विकर आकार बघत नाही ते माणसाने बनवलेल्या रेणूंनाही सोडणार नाही, नाही का? १९८५ मध्ये जॉन बंपस, स्टीव्हन ऑस्ट आणि सहकाऱ्यांनी हे विकर ज्या बुरशीत सापडलं तीच बुरशी डीडीटी, लिंडेन, बेंझोपायरीन, पीसीबी आणि डायॉक्सिन यांच्यासमोर ठेवली. बुरशीने या सगळ्यांचा काही अंश थेट कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाळला. निसर्गात जे कधी नव्हतं तेही मोडायची तयारी तिच्याकडे होती, कारण लाकडाने तिला निवड करायची चैन कधी करूच दिली नव्हती. अशाच बुरश्यांनी आणि त्यांच्या लॅकेजने प्रयोगशाळेत डायक्लोफिनॅकही मोडून दाखवलं आहे. जनावरांना दिलेलं हेच औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, ती लाखोंनी मेली, आणि २००६ मध्ये भारताने त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद केला. माणसांच्या औषधातून ते सांडपाण्यात आजही येतं.

आपल्या जवळचं काम बघायचं तर कोल्हापूरला जावं. शेजारी इचलकरंजीसारखं कापडाचं गाव असल्यावर शिवाजी विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्रज्ञांनी रंगांच्या मागे लागणं स्वाभाविकच होतं. प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अ‍ॅझो रंगांवर काम केलं. जिवाणू, बुरशी आणि वनस्पती यांच्यातली कोणती विकरं हे रंग मोडतात, आणि मोडून काय तयार होतं, हे त्यांनी तपासलं. याच विद्यापीठातल्या संशोधकांनी बागेतला झेंडू आणि सकाळी फुलणारा चिनी गुलाब यांच्याकडेही हेच काम सोपवून बघितलं. त्यांनी रंग फिकट होताना पाहिले आणि मुळांमध्ये पेरॉक्सिडेजसारख्या विकरांची क्रियाशीलता वाढलेली मोजली. आपण दसऱ्याला तोरणात लावतो त्या रोपाच्या मुळाशी असलं काम चालू शकतं, हे कळल्यावर त्याच्याकडे बघायची दृष्टी बदलते.

या सगळ्यांहून वेगळ्या वाटेचं एक विकर सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ते इलेक्ट्रॉन काढत नाही, पाण्याचा रेणू घुसवून बंध तोडतं. १९७३ मध्ये फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेतून एन. सेतुनाथन आणि टी. योशिदा यांनी भातखाचरातल्या एका जिवाणूची नोंद केली. तो डायझिनॉन हे कीटकनाशक मोडत होता. या जिवाणूचं विकर पॅराथिऑनच्या कुळातल्या रेणूंचं पोट फोडतं, आणि त्यांतल्या काहींना इतक्या झपाट्याने, की रेणू पाण्यातून विकरापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढीच त्याची मर्यादा. पॅराथिऑन माणसाने पहिल्यांदा बनवलं १९४० च्या दशकात. त्याआधी पृथ्वीवर ते नव्हतंच. खाचरातल्या चिखलाने तीस वर्षांत त्याच्यावर उतारा हजर केला. पुढे ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या संस्थेने याच जातीच्या विकरापासून लँडगार्ड नावाचं उत्पादन तयार केलं. शेतातून निघणाऱ्या पाण्यातली आणि मेंढ्या बुचकळून काढल्यावर उरलेल्या द्रावणातली कीटकनाशकं त्याने मोडता येतात.

मग आपल्या एमआयडीसींमधल्या टाक्यांत ही विकरं का नाहीत? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं, कारण अडचणी खऱ्या आहेत. पहिली म्हणजे विकर या कामात खर्ची पडतं. त्याने तयार केलेले मूलक कधी त्याच्यावरच उलटतात. वाढणारा साका त्याला अंगाशी धरून खाली घेऊन जातो. पेरॉक्साइड एकदम जास्त पडलं तरी ते निकामी होतं, म्हणून ते थोडं थोडं, ठिबकत सोडावं लागतं. यातल्या साक्याच्या अडचणीवर एक सुंदर तोडगा निघाला: पाण्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल थोडं घातलं तर साका विकराऐवजी त्यालाच धरतो, आणि लागणारं विकर कैकपटींनी कमी होतं. दुसरी अडचण गाळाची. आपल्या १० किलो फिनॉलचा सुमारे तेवढाच कोरडा गाळ निघेल आणि तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर न्यावा लागेल. तिसरी अडचण माझ्या मते सर्वांत गंभीर. अर्धवट झालेल्या क्रियेतून क्विनोनसारखी द्रव्यं पाण्यात उरू शकतात, आणि त्यातली काही मूळ फिनॉलपेक्षा जास्त विषारी असतात. पाण्यातलं फिनॉल गेलं एवढं मोजून थांबणं म्हणजे स्वतःची फसवणूक. उरलेलं पाणी माशांवर, सूक्ष्मजीवांवर तपासल्याखेरीज ते शुद्ध झालं असं कोणी म्हणू नये. १९९० च्या दशकात मेरीलँडमध्ये ग्रेगरी पेन आणि सहकाऱ्यांनी या क्विनोनांना पकडायला कायटोसान वापरलं, म्हणजे कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून काढलेलं द्रव्य. ती कवचं आपल्या किनाऱ्यावर कचऱ्यात जातात.

आणि किंमत. शुद्ध केलेलं विकर चाचण्यांसाठी मिलिग्रॅममध्ये विकलं जातं, त्या भावाने लाखो लिटर पाणी कोण धुणार? मात्र काम नेमकं असेल आणि विकर स्वस्त असेल तर कारखाने ते रोज वापरतात, याचा पुरावा कापड उद्योगातच आहे. सुती कापड पेरॉक्साइडने शुभ्र केल्यावर उरलेलं पेरॉक्साइड काढावं लागतं, नाहीतर पुढचा रंग बिघडतो. पूर्वी त्यासाठी कापड पुन्हा पुन्हा धुवावं लागे. आता कॅटालेज नावाचं विकर टाकतात, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, आणि धुण्याचं पाणी वाचतं. जखमेवर पेरॉक्साइड फेसाळतं तेही आपल्याच रक्तातल्या कॅटालेजमुळे.

स्वस्त पेरॉक्सिडेजचा एक शोध सरळ मुळाकडेच वळला. पेनसिल्व्हेनियात येर्झी डेक आणि झाँ-मार्क बोलाग यांनी १९९४ मध्ये विकर शुद्ध करण्याची भानगडच टाळली. त्यांनी हॉर्सरॅडिश बारीक कापून थेट दूषित पाण्यात टाकलं. बटाटा आणि पांढरा मुळाही टाकून पाहिला. कापलेल्या मुळाने काम केलं, आणि तेच तुकडे पुन्हा वापरताही आले. दुसरी वाट सोयाबीनची. १९९१ मध्ये जेफ्री गिलिकिन आणि जॉन ग्रॅहम यांनी सोयाबीनच्या बियाच्या टरफलातलं पेरॉक्सिडेज वेगळं केलं. ते हॉर्सरॅडिशच्या विकरापेक्षा जास्त उष्णता सोसतं. कॅनडातल्या विंडसर विद्यापीठात कीथ टेलर, निहार बिस्वास आणि जतिंदर बेवत्रा यांनी दीर्घकाळ याच विकराने सांडपाण्यातली फिनॉलं काढण्याचं काम केलं. नुसतं कच्चं टरफल पाण्यात टाकूनही फिनॉल निघतं हे दुसऱ्या कॅनेडियन गटाने दाखवलं. टरफलातून विकर हळूहळू पाझरतं, आणि ते एकदम खर्ची पडत नाही.

लातूर, धाराशिव, वाशीम, अमरावती या भागात सोयाबीन हे खरिपाचं मुख्य पीक. तेल काढण्याआधी दाण्याचं टरफल निघतं, ते जनावरांच्या खाद्यात जातं. या टरफलात नेमकं किती विकर आहे हे जातीवर अवलंबून असतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्याच ब्रायन बटरी आणि रिचर्ड बझेल यांनी दाखवलं, की एका जनुकाच्या फरकाने काही जातींच्या टरफलात पेरॉक्सिडेज भरपूर असतं आणि काहींत जवळपास नसतंच. बियाण्याची जात ओळखायला ही खूण वापरतात. टरफल ग्वायकॉल नावाच्या रसायनात भिजवून पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा, विकर असेल तर लालसर तपकिरी रंग येतो. चाचणी काही मिनिटांची आणि काही रुपयांची. कोणत्या जातीचं टरफल उपयोगाचं, हे परभणी किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या बियाणे प्रयोगशाळेला आजच्या साधनांनी सांगता येईल. ते टरफल तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटवर वेगळं ठेवणंही अवघड नाही.

आणि ते वापरायची जागा नदी नव्हे. सगळ्या कारखान्यांचं पाणी एकत्र होतं ती सामायिक टाकीही नव्हे, कारण तिथे पोचेपर्यंत फिनॉल इतकं पातळ होतं की विकर वाया जातं. जागा कारखान्याच्या आतच आहे, फिनॉल ज्या नळीतून बाहेर पडतं तिथे, इतर पाणी मिसळण्याआधी. तिथे एक टाकी, त्यात टरफल, पेरॉक्साइडची ठिबक, आणि साका बसायला दुसरी टाकी. निवळलेलं पाणी पुढे नेहमीच्या सक्रिय गाळाकडे जाईल, आणि तिथल्या जिवाणूंच्या वाट्याला त्यांना पचेल एवढंच फिनॉल येईल.